दोन खिडक्यांची खोली

कुरुंदा
कार्तिक वद्य ५, शके १८५९ (सन १९३७)

चि. सौ. अनुसूया,

तुझ्या आबाचा आशीर्वाद. आधी खाली बस, मग वाच. उभ्यानं वाचशील तर दचकशील.

मागची अंधारी खोली मी काल पाडायला घेतली.

व्हय, तीच. चौथा महिना लागला असं तुझं पत्र आलं, ते मी हळदीच्या वाफ्यात उभ्यानं वाचलं. तसाच घरी आलो, पहार उचलली आणि भिंतीला पहिला घाव घातला. आवाज ऐकून तुझी पार्वतीआत्या पिठाच्या हातानं धावत आली.

"दादा, डोकं फिरलं का तुझं? बाळंतिणीची खोली हाय ती!"

"होती," मी म्हणालो. "माझी बायको तिथंच बाळंतपणात गेली. दोन सालामागं अनूचं लेकरू तिथंच पाचवीच्या आत गेलं. आता पुरे."

"बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून वाडवडिलांनी तिथं खिडकी ठेवली न्हाई. तू काय त्यांच्याहून शहाणा?"

"शहाणा न्हाई. पण त्या खोलीतला धूर मला बाहेरून दिसत होता. आत अनूला तो किती लागला असंल!"

ती रागानं ओट्यावर जाऊन बसली. दुसरा घाव पडला तशी उठून आली आणि कोनाड्यातली पितळेची भांडी काढून न्यायला लागली. म्हणाली, "पाडायचंच हाय तर भांडी काहून चेपवतोस?" म्हणजे अर्धी कबुली मिळालीच समज.

आता काय करणार ते ऐक. विहिरीच्या अंगाला, पूर्वेकडं नवी खोली. कमरेइतकं जोतं. भिंती काळ्या घडीव दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या. दोन खिडक्या, एक पूर्वेला, एक उत्तरेला. पुढं दगडी फरसबंद अंगण. तिथं चिखल न्हाई, ठेच न्हाई, पोटुशी बाई अनवाणी फिरली तरी काळजी न्हाई. अंगणाच्या कडेनं दगडाची पन्हळ काढायची, विहिरीचं पाणी तिच्यातून बागेत. बागेत काय लावू ते तू लिही.

दगड आपल्याच माळावरचा. इतकी वर्षं त्यानं नांगराचे फाळ मोडले, आता जरा कामाला येऊ दे. मिस्त्री हिंगोलीहून आणलाय. भीमसिंग त्याचं नाव. मोठ्यानं बोलतो, मोठ्यानं गातो आणि आपल्यासारखा मिस्त्री मुलखात दुसरा न्हाई हे तो स्वतःच सांगतो.

विहीणबाईंना हे वाचून दाखव. तुला न्यायला कवा येऊ ते विचार.

तुझा आबा


पुसेगाव
मार्गशीर्ष शुद्ध ३

आबांना अनुसूयेचा साष्टांग नमस्कार.

तुमी सांगितलं तशी खालीच बसले होते, तरी दचकले! पत्र घेऊन मी सगळ्या घरात फिरले. जनावरांनासुद्धा सांगायचं बाकी ठेवलं न्हाई. धाकटी जाऊ मिरा म्हणाली, "काळ्या दगडाची खोली? देवाला असती तशी?" मी म्हणाले, "व्हय, आन् आत मी!"

आबा, पूर्वेची खिडकी खाली घ्या. खाटेवर पडल्या पडल्या मला विहिरीवरची मोट दिसली पाहिजे. मोटेवर कोण गाणं म्हणून राहिलं ते नुसतं ऐकू येतं, माणूस दिसत न्हाई, असं मला आता नको. बागेत मोगरा लावाच. कर्दळ लावा, लाल. आणि जास्वंदीचं एक झाड अंगणाच्या कोपऱ्यात, म्हणजे आत्याला पूजेच्या फुलांसाठी वेशीपर्यंत जायला नको. ती राग विसरंल.

फरशी गुळगुळीत करू नका, पाय घसरंल. थोडी खरबरीत राहू द्या.

सासूबाईंना पत्र वाचून दाखवलं. ऐकताना त्या ज्वारी पाखडत होत्या. खिडक्यांपाशी आले तवा त्यांचा हात थांबला. "पुन्हा वाच," म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं. त्यांचा स्वभाव तुमाला ठाऊकच हाय, मनातलं लगेच ओठावर येत न्हाई. न्यायला कवा यायचं ते मी मागून कळवते. घाई करू नका, काम नीट होऊ द्या.

तब्येत बरी हाय. सध्या चिंच सोडून काही गोड लागत न्हाई.

तुमची अनू


कुरुंदा
मार्गशीर्ष वद्य ८

चि. सौ. अनुसूया,

विहीणबाईंनी दोनदा वाचायला लावलं! हे मी आत्याला सांगितलं, भीमसिंगला सांगितलं, माळावर दगड फोडणाऱ्यांनाही सांगितलं. एवढी करारी बाई पाखडणं थांबवून ऐकते म्हणजे गोष्ट मनाला लागली असणार. तवा मी एक काम वाढवलं. अंगणात विहीणबाईंसाठी दगडाचा बाक करून राहिलो. जास्वंदीच्या कोपऱ्यात. पाचवीला येतील, बाराव्याला येतील, त्यांनी काय जमिनीवर बसायचं?

जोतं झालं. तुला काय सांगू, अनू! माळावर सुरुंग लावला तवा सगळं गाव बघायला आलं होतं. धूर निवला आणि खाली काळा कुळकुळीत दगड निघाला, ओल्या म्हशीच्या पाठीसारखा. भीमसिंग त्याच्यावर हातोडी मारून कान लावतो. दगड खणखणीत वाजला की ओरडतो, "मालक, ये तो गा रहा है!" बद्द वाजला की तो दगड पन्हळीकडं. वसमतचा व्यापारी आला होता. म्हणाला, शहाबादी फरशी रेल्वेनं मागवून देतो, सपाट, तयार, हैदराबादेत सगळे तीच लावून राहिले. मी त्याला माळावर नेलं आणि आपला दगड दाखवला. त्यानं दगडावर हात फिरवला आणि चहा पिऊन गेला.

पण आमचा मिस्त्री बोलतो तेवढा पक्का न्हाई. परवा दाराची चौकट उभी केली. आत्या पाणी घेऊन गेली आणि तिथंच थबकली.

"भीमसिंग, हितं माझी भाची बाळंत व्हायची का म्हैस?"

दार एवढं रुंद की बैलगाडी आत गेली असती. भीमसिंगनं गज काढला, मोजलं, पुन्हा मोजलं, मग म्हणाला की सुताराची चूक. सुतार म्हणाला मिस्त्रीची. दुपारपर्यंत दोघं भांडले आणि संध्याकाळी दोघांनी मिळून एक बाजू उतरवली. गाणं मात्र त्या दिवशी बंद होतं.

आत्या आता रोज काहीतरी खोड काढते, आणि खोड काढायला दिवसातून चारदा तिकडं जाते.

खिडकी खाली घेतली. मोगऱ्याची कलमं कुरुंद्यात मिळाली न्हाईत, डोंगरकड्याहून आणायला सांगितलीत. दिवस ठरवून लौकर कळव. माघात येऊ का?

तुझा आबा


पुसेगाव
पौष शुद्ध १०

आबा,

नमस्कार. हे पत्र मी तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले.

तुमी विहीणबाईंसाठी बाक करून राहिलात हे वाचलं आणि मला राहवलं न्हाई. आबा, सासूबाई मला पाठवायला तयार न्हाईत. आज न्हाई, पहिल्या दिवसापासून न्हाईत. तुमचं पहिलं पत्र दोनदा ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "खोली पाडली, बरं झालं. पण जागा तीच, घर तेच. एक लेकरू त्या घराला दिलं. दुसरं मी देणार न्हाई. अनुसूया हितंच बाळंत होईल."

मी म्हणाले, "सासूबाई, नवी खोली वेगळ्या अंगाला हाय, दगडाची हाय."

"दगडाला काय करू? माझं नातवंड होतं ते."

मग मी वाद घातला न्हाई. तुमाला कळवलं न्हाई, कारण तुमच्या पत्रात एवढा हुरूप होता. वाटलं, काम होईपर्यंत त्यांचं मन वळंल. यांना बोलायला लावलं. यांनी आईपुढं नुसती सुरुवात केली, "आई, मी काय म्हणत होतो..." आणि पुढं बैलांच्या पेंडीचं बोलून परत आले.

इथली बाळंतिणीची खोली आपल्या जुन्या खोलीसारखीच हाय. धान्याच्या कणगीमागं. दार लावलं की हाताला हात दिसत न्हाई.

आबा, काम थांबवा असं मी सांगत न्हाई. रोज दुपारी डोळे मिटून मी त्या अंगणात एक फेरी मारते. विहिरीकडून बाकापर्यंत आणि परत. थांबवू नका.

अनू


कुरुंदा
पौष वद्य ४

चि. अनू,

तुझं पत्र वाचून एक दिवस काम बंद ठेवलं. भीमसिंग विचारत होता, "मालक, क्या हुआ?" मी माळावर जाऊन बसलो. राग आला होता, कोणावर ते कळत न्हव्हतं. तुझ्यावर न्हाई, एवढं खरं. तू मनात ठेवलंस ते माझ्याचसाठी ठेवलंस.

आत्या दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "मी न्हाई का घाबरले होते? त्याही घाबरल्यात. घाबरलेल्या माणसाला लिहून काय कळणार? डोळ्यानं दाखव."

म्हणून पुढचं त्यांच्यासाठी लिहितो. मोठ्यानं वाच. अडखळू नको.

*विहीणबाई, उत्तमरावाचा नमस्कार. तुमी म्हणता ते मी ऐकलं. तुमचं नातवंड होतं, माझंही होतं. मी तुमाला शब्द देत न्हाई, कारण जगणं-मरणं माझ्या हातात न्हाई. खोली बांधणं तेवढं हातात हाय, ते करून राहिलो. तुमी एकदा या. खोलीत बसा. दार लावून बसा, उघडून बसा. तुमाला तिथं जीव घुसमटल्यासारखा झाला तर मी दुसऱ्यांदा विचारणार न्हाई.*

एवढंच. आज पुन्हा काम सुरू केलं. अंगणाची फरशी बसून राहिली.

आबा


पुसेगाव
माघ शुद्ध ६

आबांना नमस्कार.

तुमचं वाचून दाखवलं. अडखळले न्हाई. सासूबाई उठल्या आणि गोठ्यात गेल्या. कितीतरी वेळ आल्या न्हाईत. आल्या त्या म्हशीचंच बोलल्या.

आज सकाळी मात्र एकदम गाडी जुंपायला लावली. हिंगोलीला बहिणीकडं जाते म्हणाल्या, डोळ्यांचं औषध आणायचंय. धाकट्या दिरांना, सोनाजीभावजींना, सोबत घेऊन गेल्या. डोळ्यांची तक्रार मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली न्हव्हती. माझ्याशी बोलणं टाळायला गेल्या असतील. मिरा म्हणते, "जाऊ द्या, चार दिवस घरात मोठ्यानं हसता येईल."

आबा, एक सांगते. काल पोटात असं काही लाथाडलं की हातातला तांब्या पडला. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "आईला सांगितलंस का?" मी म्हणाले, "तुमी सांगा, पेंडीच्या आधी!" खूप हसलो दोघं.

खोली झाली असंल आता. कशी दिसते? सगळं लिहा. मी आले न्हाई तरी लिहा.

अनू


कुरुंदा
माघ शुद्ध ९

अनू! अनू!

हे पत्र तुझ्या हातात पडंल तवा तुझी सासू कुठं हाय म्हणून तुला सांगितलं असंल? मी सांगतो कुठं हाय. आत्ता, या घटकेला, माझ्या अंगणात पदर खोचून उभी हाय आणि भीमसिंगला झापून राहिली!

नीट सांगतो. परवा दुपारी मी शिडीवर होतो, खिडकीच्या वरच्या दगडाच्या दरजा भरत. अंगभर चुना. डोक्याला फडकं. खाली एक बाई येऊन उभी राहिली, पदर पार कपाळाखाली ओढलेला. ऊन माझ्या डोळ्यांवर. मला वाटलं, चुना कालवायला बाया सांगितल्या होत्या त्यातली एक.

"आज उशीर केलास," मी वरूनच म्हणालो. "उद्या सकाळी ये."

ती हलली न्हाई. म्हणाली, "मालक कुठं हायेत?"

"काय काम हाय?"

"ही खिडकी कोणत्या शहाण्यानं काढली ते विचारायचंय. खाट हितं येणार, खिडकी हितं. पहाटेचा गार वारा बरोबर बाळाच्या टाळूवर!"

मला राग आला. "खिडकी माझ्या लेकीनं सांगितली तशी काढली. तिला मोट बघायचीय."

"मग खाट त्या भिंतीला लावा. मोट तिथूनबी दिसते. आन् झडपा कुठं हायेत? रातीला काय, पोतं लावणार?"

आता मी खाली बघितलं. तेवढ्यात मागून एक तरणा गडी बोचकं घेऊन आला आणि म्हणाला, "आई, आत्याबाई आत बोलावून राहिल्या." ते सोनाजीराव! माझ्या हातातली थापी सुटली आणि चुन्याच्या घमेल्यात पडली, तो शिंतोडा विहीणबाईंच्या लुगड्यावर. मी शिडीवरून कसा उतरलो ते मला आठवत न्हाई. विहिणीला मी "उशीर केलास" म्हणालो होतो! पायावर डोकं ठेवायला वाकलो तर त्या मागं सरकल्या. "राहू द्या. आधी मला आत बसू द्या. तसं लिहिलं होतं तुमी."

आत गेल्या. दार लावलं. आमी सगळे बाहेर. मी, आत्या, भीमसिंग, सोनाजीराव. भीमसिंग दगडावर हात ठेवून उभा, जसा काय तो दगडच आता पळून जाणार. मग दार उघडलं. विहीणबाई उंबऱ्यात आल्या, डोळे पुसले आणि विचारलं,

"न्हाणी कुठंय?"

कोणाला कळंना.

"बाळंतिणीची न्हाणी! तिला रोज शेकायचं, न्हाऊ घालायचं. ऊन पाण्याचं घंगाळ कुठं ठेवायचं? ती ओलीचिंब बाई अंगण ओलांडून जाणार का? बाक केलाय, बाग केलीय, फुलझाडं लावलीत. न्हाणी न्हाई!"

अनू, माझी मान खाली गेली. आत्यानंही जीभ चावली. ती रोज चारदा खोड काढायला येत होती, तिच्याही ध्यानात आलं न्हव्हतं. भीमसिंग म्हणाला, "माँजी, नक्शे में नहीं था." विहीणबाई म्हणाल्या, "नक्शा कोणी काढला? ज्यानं काढला त्यानं कधी लेकरू जन्माला घातलं हाय का?"

मग त्यांनी चुन्याची चिमूट घेतली आणि खोलीच्या उत्तर कोपऱ्यात जमिनीवर रेघ ओढली. न्हाणी इथं. फरशी अशी उतरती, पाणी भिंतीतून बाहेर, पन्हळीत, पन्हळीतून कर्दळीला. वर माळवदात एक झरोका, शेगडीचा धूर जायला. खिडक्यांना जाड झडपा. दोन दिवस झाले, त्या हलल्या न्हाईत. आत्या आणि त्या सकाळपासून चूल सोडून न्हाणीवरच बोलतात. काल भीमसिंगनं उतार उलटा दिला, तर विहीणबाईंनी तांब्याभर पाणी ओतून दाखवलं. पाणी खोलीत आलं. त्यानं गुमान दगड उचकटले.

आज सकाळी बाकावर बसून मला म्हणाल्या, "उत्तमराव, मी अनुसूयेला घेऊन येईन. आन् मी हितंच राहीन, दिवस भरेपर्यंत. माझ्याबिगर दाईला हात लावू द्यायचा न्हाई."

मी विचारलं, "खोलीत जीव घुसमटला न्हाई ना?"

"घुसमटला असता तर न्हाणी काहून मागितली असती?"

गाडी वसमतला निघालीय, टपाल तिच्यासोबत देतो. तयारीला लाग!

तुझा आबा


पुसेगाव
माघ वद्य १

आबा,

तुमचं पत्र आणि सासूबाई एकाच दिवशी आल्या. मी पत्र वाचून हसत होते, दारात त्या उभ्या. लुगड्यावर चुना तसाच. मी म्हणाले, "डोळ्यांचं औषध मिळालं का?" त्या म्हणाल्या, "मिळालं. कुरुंद्याला देतात."

आता घरात दुसरा विषय न्हाई. शेजारच्या बाया येतात, सासूबाई राखेत बोटानं न्हाणी काढून दाखवतात. मिरेला म्हणाल्या, "दगड उतरता बसवायचा, समजलं का?" ती बिचारी व्हय म्हणाली.

फाल्गुन लागला की निघू. हे हिंगोलीपर्यंत गाडीनं सोडतील, पुढं आमी दोघी रेल्वेनं. वसमतला गाडी घेऊन या, आत भरपूर कडबा घाला. मी आता पेटाऱ्याएवढी दिसते.

मला सातवा लागला तरी रात्री झोप येत न्हाई ती पोटामुळं न्हाई. त्या अंगणामुळं!

अनू


कुरुंदा
वैशाख शुद्ध १३, शके १८६०

चि. किसन यास आई नर्मदाबाईचा आशीर्वाद.

मला लिहिता येत न्हाई हे तुला ठाऊक हाय. मी सांगते, तुझी बायको लिहिते. मध्ये काही घातलं तर तिचं.

पोरगी झाली. दोघी सुखरूप हायेत. काल पाचवी पुजली. तुला पोरगं पाहिजे होतं का, हे मला येऊन विचारायचं न्हाई.

आदल्या संध्याकाळपासून पोट दुखायला लागलं. मी तिला खाटेवर पडू दिलं न्हाई. अंगणात चालवली. तिच्या एका हाताला मी, दुसऱ्या हाताला पार्वतीबाई. फरशी दिवसभराच्या उन्हानं कोमट होती, तिच्या पायांना बरं वाटत होतं. (खूप बरं वाटत होतं. – अ.) व्याही विहिरीपलीकडं बसले होते. त्यांनी किती वेळा उठून मोट बघितली याचा हिशेब न्हाई, बैल तर कवाच सोडले होते. दाई शालूबाई पहाटे आली. तिनं आत पाऊल टाकलं आणि म्हणाली, "दिवा काढा, कशाला पाहिजे?" आणि खरंच, तांबडं फुटलं होतं आणि पूर्वेची झडप उघडी होती.

दिवस कासराभर वर आला तवा पोरगी झाली. आधी रडली न्हाई. किसना, तेवढ्यात मी किती नवस बोलले ते सांगणार न्हाई. शालूबाईनं तिला उचलून खिडकीशी नेलं, तोंड बघितलं, नाकातोंडात अडकलेलं बोटानं काढलं. मग रडली. अशी रडली की विहिरीपलीकडं व्याही उभे राहिले.

शालूबाई नंतर मला म्हणाली, "दिसलं म्हणून काढलं, बाई." मी तिला माझ्या हातची पाटली काढून दिली. तुझ्या बापाला हे मी सांगेन तवाच कळू दे.

आता ऐक. मी पाच लेकरं जन्माला घातली, तुझ्यासकट. कणगीमागं. तुझं तोंड मी पहिल्यांदा नीट बघितलं ते बाराव्याला, पाळण्यात, तेही चार बायांच्या मागून. तोवर दिव्याच्या वातीला जेवढं दिसंल तेवढं. अर्धा गाल, एक कान. तुझ्या पोरीचं सगळं तोंड मी पहिल्या श्वासाला बघितलं. हनुवटी तुझी हाय. कपाळ हिचं. डाव्या भुवईत केसांचा एक भोवरा हाय. बाकीच्यांचं काय काय होतं ते मला ठाऊकच न्हाई. त्यातलं जे न्हाई राहिलं त्याचंही न्हाई.

म्हणून सांगते. पेरणीच्या आत कणगी तिथून हलव. मागच्या भिंतीला पूर्वेकडून फोड. नुसतं भोक न्हाई, खिडकी. मिरेला दिवस गेलेत, तिनं तुमाला सांगितलं नसंल, मला सांगून ठेवलंय. भीमसिंगला मी बोलले हाय. बाराव्यानंतर तो माझ्यासोबत पुसेगावला येईल. त्याला रोज दोन वेळा ऊन भाकरी द्यायची आणि उतार बघितल्याशिवाय मिस्त्रीला शाबास म्हणायचं न्हाई. तुझा बाप काही बोलला तर म्हण, आईनं सांगितलंय. पेंडीचं बोलून परत यायचं न्हाई.

आई

ता. क. – वरचं सगळं त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. पेंडीआड तुमाला काय बोलायचं होतं ते मी त्यांना कधी सांगितलं न्हव्हतं. त्यांना सगळं ठाऊक असतं.

मी खिडकीशी बसून लिहून राहिले. बाहेर आबा फरशीवर सांडलेलं उटणं स्वतः धुऊन राहिले, आत्या त्यांना रागावून राहिली. तुमी लौकर या. बाराव्याची वाट बघू नका. आता कागद मिटते, कारण खाटेच्या त्या टोकाहून सासूबाई मला हाका मारून राहिल्या. पोरगी जांभई देतीय म्हणतात. लवकर बघ, मिटंल तोंड.

अनुसूया